'दिसला नाही' आणि 'नाही': आमच्या गावातला ड्रोन आणि काळा झेंडा

पुढच्या मोहाच्या हंगामात आजूबाजूची दोन-तीन गावं वाघावर नजर ठेवायला ड्रोन लावायचं म्हणून राहिली आहेत आणि तिथल्या लोकांचे मला फोन येतात की भाऊ तुमच्याकडं कसं जमलं ते सांगा. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदाच पूर्ण लिहून काढतो, जमलं ते आणि चुकलं तेही. चुकलं ते माझ्या हातून चुकलं. मशीन त्या दिवशी बरोबर होती.

गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. दीडेकशे घरं, धानाच्या बांद्या, दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि शेवटच्या घराच्या मागूनच सुरू होणारं जंगल. हे ताडोबाच्या आतलं जंगल नाही, ब्रह्मपुरी वनविभागाचं प्रादेशिक जंगल आहे, म्हणजे इथं जिप्सी नाही, गेट नाही, टुरिस्ट नाही, फक्त वाघ आहेत आणि आम्ही आहोत. २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा, आणि त्यातले कितीतरी अशाच गावालगतच्या जंगलात राहतात. मी प्राथमिक प्रतिसाद दलात आहे, म्हणजे कुठं वाघ दिसला की लोकांची गर्दी हटवायची, फॉरेस्टवाल्यांना फोन करायचा, गुरं मारली तर पंचनाम्याला उभं राहायचं. आदल्या हिवाळ्यात आमच्या गावचा गुराखी वाघानं मारला. त्याला शोधायला गेलेल्यांत मी होतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आमच्याकडं वाघ माणसाला भेटतो तो दोन हंगामांत सगळ्यात जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. मोहाचं फूल पहाटे गळते, उशीर केला तर गुरं-हरणं खाऊन जातात, म्हणून बाया चार वाजताच अंधारात टोपली घेऊन निघतात. आणि दोन्ही कामं वाकून करायची. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, चार पायाच्या जनावरासारखा दिसतो, हे आमच्याकडं म्हाताऱ्यांपासून फॉरेस्ट गार्डपर्यंत सगळे सांगतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बातमीनंतर आमच्या बायकांनी ग्रामसभेत उठून विचारलं की तुम्ही आम्हाले जाऊ नका म्हणता, मंग चूल कशावर पेटते ते सांगा. कोणाकडं उत्तर नव्हतं.

ड्रोन कसा आला

एका संस्थेनं दोन-अडीच महिन्यांसाठी थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन वापरायला दिला, वनविभागाकडून लेखी परवानगी घेतली, त्यात कुठल्या कक्षावर, किती वाजता, किती उंचीवर हे सगळं लिहून घेतलं. हे सोडू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथं हवाई खात्याची आगाऊ परवानगी लागत नाही तिथं, ४०० फुटांपर्यंतच उडवता येतो, ड्रोनचा नोंदणी नंबर लागतो, पायलटकडं सर्टिफिकेट लागते, आणि जंगलावर उडवायचं तर फॉरेस्टची परवानगी घ्यायचीच. लग्नाच्या शूटिंगवाल्या पोराला बोलावून काम भागवू म्हणणारे आमच्याकडंही होते.

पायलट म्हणून आली ती नागभीडकडची एक मुलगी. आधी कपाशी-धानावर फवारणीचा ड्रोन चालवायची, मग थर्मलचं शिकली. गावात तिला सगळे ड्रोनवाली ताई म्हणायला लागले, वयानं माझ्यापेक्षा लहान आहे तरी मीही ताईच म्हणतो. पहिल्याच बैठकीत तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, ऑस्ट्रेलियातला, लेनॉक्स हेड नावाच्या किनाऱ्यावरचा, जानेवारी २०१८ चा. दोन पोरं समुद्रात ओढली चाललेली आणि वरून ड्रोननं त्यांच्याजवळ फुगणारा तराफा टाकला, सव्वा मिनिटाच्या आत. तिकडं पोहायच्या किनाऱ्यांवर शार्क मासा येतो का हे बघायला ड्रोन उडवतात, पायलटला पाण्यात सावली दिसली की तो ड्रोन खाली आणून ओळखतो की कुठला मासा आहे, धोक्याचा असला, म्हणजे तिकडं मुख्य तीन, पांढरा शार्क, बुल शार्क आणि टायगर शार्क, तर भोंगा वाजवून लोकांना बाहेर काढतात. ती म्हणाली आपल्याला तेच करायचं आहे, फक्त पाण्याच्या जागी जंगल. बायकांना ते लगेच समजलं. समुद्र आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला नाही, पण पाण्यात न दिसणारं जनावर म्हणजे काय हे बोडीवर धुणं धुणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

मोहाचा महिना

मार्चमध्ये ड्रोन अक्षरशः देवासारखा चालला. त्याचं कारण समजून घ्या, कारण पुढं मे महिन्यात सगळं उलटलं ते याच कारणानं.

थर्मल कॅमेरा उजेड पाहत नाही, उष्णता पाहतो. म्हणजे वस्तूच्या वरच्या थराचं तापमान किती आणि तिच्या आजूबाजूचं किती, यातला फरक पडद्यावर दिसतो. मार्चच्या पहाटे जमीन थंड असते, जनावराचं अंग गरम, त्यामुळं काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका एकदम उठून दिसतो. दुसरं म्हणजे त्या दिवसांत सागाची पानं गळलेली, मोहाचं झाडही फुलताना जवळजवळ उघडंच असते. वरून पाहिलं तर जमिनीपर्यंत नजर जाते.

तरी काम सोपं नव्हतं. साठ मीटर उंचीवरून आमच्या कॅमेऱ्यात जमिनीचा साधारण पन्नास मीटर रुंद पट्टा यायचा, आणि चित्र ६४० पिक्सेल रुंद, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा आठेक सेंटीमीटरचा चौकोन. एवढा मोठा वाघ पडद्यावर वीसेक पिक्सेल लांबीचा डाग म्हणून दिसतो. रोही म्हणजे नीलगाय पण डाग, रानडुक्कर पण डाग, रात्री सुटलेली गाय पण डाग. ताई आकारापेक्षा चालीवर ओळखायची. डुकरं कळपात आणि थांबत थांबत, रोही उंच पायावर, वाघ एकटा, सरळ रेषेत, पायवाट धरून, मागं शेपटीची बारीक रेघ. शंका आली की ती ड्रोन थोडा खाली घ्यायची, पण फार नाही, कारण आवाजानं जनावर बिथरून बायका ज्या बाजूला आहेत तिकडंच पळालं तर काय करणार. आणि आग्या मोहोळ. आमच्याकडं मोठ्या झाडांना मोहोळं लटकलेली असतात, ड्रोनच्या घरघरीनं ती उठली तर वाघाच्या आधी माशाच मारतील, म्हणून पहिल्याच आठवड्यात मध काढणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन मोहोळांची झाडं नकाशावर टाकली आणि तिथून लांबूनच उडवायचं ठरलं. बाकी गावांनी हे नक्की करा.

एका बॅटरीत पंचवीस मिनिटं धरली तर एकावर एक पट्टे घेत साठेक एकर पाहून होते. आमचे मोह कितीतरी जास्त एकरांवर पसरलेले, सगळं जंगल पाहणं शक्यच नाही, म्हणून आधी ठरवलं की वाट, झाडाखालची जागा आणि बोडीचा काठ एवढंच पाहायचं. बायकांनाही सांगितलं की एवढ्याच झाडांवर जायचं.

त्या महिन्यात वाघ दोनदा दिसला. एकदा बोडीच्या पाळीवर बसलेला. आम्ही बायकांना देवळाजवळ थांबवलं, तासाभरानं तो उठून उत्तरेला गेला, ताईनं त्याला दूर जाईपर्यंत पाहिलं, मग बाया गेल्या. गावात त्या दिवशी जी सुटका वाटली ती मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या मोठमायनं ताईच्या हातावर मोहाचे लाडू ठेवले.

पण वहीत मी अजून एक गोष्ट लिहायला लागलो होतो, तेव्हा तिचं महत्त्व कळलं नाही. पहिल्या आठवड्यात बाया आठ-दहाच्या घोळक्यानं जायच्या, बोलत, टोपलं वाजवत. तिसऱ्या आठवड्यात दोघी-दोघी जायला लागल्या. कोणी लहान पोराला सोबत नेलं. वाटेत हाळी द्यायची आमची जुनी पद्धत बंद पडली, कारण वरून कोणीतरी पाहून रायलं आहे ना. म्हणजे ड्रोननं धोका कमी केला तेवढाच लोकांनी स्वतःची सावधगिरी कमी करून परत भरून काढला. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्यात १९३७ पासून शार्कसाठी जाळ्या लावतात, आणि पुष्कळ लोकांना वाटते की जाळी म्हणजे किनाऱ्याभोवतीची भिंत. प्रत्यक्षात ती दीडशे मीटर लांब आणि सहा मीटर उंचीची असते, मासा तिच्या वरून, खालून, बाजूनं येऊ शकतो. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर वहीतल्या त्या ओळी वेगळ्या नजरेनं पाहिल्या असत्या.

सहावा दिवस

तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा, पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवर, द्यायचे, ठेकेदाराचा मुन्शी मोजतो, त्या पंधरा दिवसांच्या पैशावर पावसाळ्याचं बी-खत आणि पोरांच्या शाळेचं सामान निघते. एक दिवस चुकला तर तो परत येत नाही, पान जून होते.

मे महिन्यात विदर्भात रात्रीसुद्धा जमीन थंड होत नाही हे आम्हाला माहीत होतं, अंगणात झोपणाऱ्याला कोण सांगणार, पण त्याचा ड्रोनशी संबंध लावायला आम्ही कमी पडलो. पहाटे पाचला जमीन, दगड, वाळलेला पाला सगळं तीस-बत्तीस अंशांवर. जनावराच्या केसांचा वरचा थरही जवळपास तेवढाच. मग पडद्यावर काळं-पांढरं राहतच नाही, सगळं राखाडी. ऊन चढलं की उलटंच होते, जमीन जनावरापेक्षा गरम होते, दगड पांढरे चमकतात आणि सावलीत बसलेलं जनावर अंधारात हरवते. त्यात तेंदूला नवीन पानं आलेली, नाल्यात बांबूचं बेट दाट. थर्मल कॅमेरा पानाच्या आरपार पाहत नाही. पुष्कळांचा असा समज आहे की पाहतो, सिनेमात दाखवतात तसं. नाही. एक पान आडवं आलं तर तो पानाचं तापमान दाखवतो, मागं काय आहे ते नाही.

सहाव्या दिवशी सकाळी साडेपाचला ताईनं उड्डाण संपवून मला व्हॉइस मेसेज टाकला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. शब्द असे: "दादा, वाटेवर आणि नाल्याच्या अलीकडच्या मोकळ्यात मला काही दिसलं नाही. नाल्यातलं मला दिसतच नाहीये, झाडोरा आहे आणि जमीन गरम आहे."

मी फळीवर सायकलवरून चाललो होतो. थांबून ग्रुपवर टाईप केलं: "ड्रोन झाला. काही दिसलं नाही." दुसरं वाक्य टाकलं नाही. मुद्दाम नाही, लांब होतं म्हणून, आणि मनात असं की नाल्यात तशीही कोण जाते. ग्रुपवरून कोणीतरी पुढच्या ग्रुपवर टाकलं, "आज वाघ नाही, रस्ता क्लिअर." आणि चौकात भोंग्यावर जो पोरगा बोलायचा त्यानं ते वाचून सांगितलं, आज जंगलात वाघ नाही, बिनधास्त जा.

दिसत नाही, दिसलं नाही, नाही. पंधरा मिनिटांत तीन पायऱ्या. प्रत्येकानं एक-एक शब्दच गाळला, आणि प्रत्येकाला वाटलं आपण तेच सांगून राहिलो.

मोठमाय त्या दिवशी पाच जणींसोबत होती. सत्तरीला टेकली आहे, पण पान तोडण्यात तिचा हात कोणी धरत नाही. नाल्याच्या अलीकडं पोचल्यावर ती थांबली. नंतर तिनं मला जे सांगितलं ते तसंच लिहितो. "माकडं खाकरून रायली होती बाप्पा. एक नाही, दोन-चार. नाल्याच्या वरतून. मी म्हनलं पोरींनो थांबा, तर त्या म्हनल्या मोठमाय ड्रोननं पाह्यलं ना आताच, भोंग्यावर सांगतलं ना. मलेही वाटलं, मशीनले जास्त दिसत असन." पन्नास वर्षं जी बाई माकडाच्या आवाजावर जंगलात पाऊल टाकते किंवा मागं घेते, तिनं त्या दिवशी स्वतःच्या कानापेक्षा माझ्या मेसेजवर विश्वास ठेवला. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली, वाघ भेटला त्यापेक्षाही.

सातच्या सुमारास ती नाल्याच्या काठावर वाकून पानं तोडत होती आणि वीस पावलांवर बांबूत वाघ उठून बसला. ती सरळ उभी झाली, पळाली नाही, पाठ दाखवली नाही, आणि पोटातून ओरडली. बाकीच्या पाच जणी तिच्याकडं धावल्या, विळे आणि डबे वाजवले. वाघ काही सेकंद तसाच होता, मग नाल्यानं खाली गेला. कोणाला ओरखडा नाही. मोठमायला तीन दिवस ताप होता आणि ती तीन दिवस बोलली नाही.

गार्ड आला, ओल्या वाळूत ठसे घेतले, वाघ नाल्यात रात्रीपासून असावा असं निघालं. संध्याकाळी मी आणि ताईनं सकाळचं रेकॉर्डिंग चार वेळा पाहिलं. जागा माहीत होती, वेळ माहीत होती, तरी आम्हाला वाघ सापडला नाही. बांबूचं बेट एकसारखं राखाडी. ताई रडायला लागली तर मी तिला म्हटलं ताई तुम्ही दोन वाक्यं बोलल्या होत्या, एक मी खाल्लं. हे मी ग्रामसभेतही उभं राहून सांगितलं, कारण तोपर्यंत गावात ड्रोनवाल्या पोरीचं लक्ष नव्हतं अशी बोलणी सुरू झाली होती.

तसं पाहिलं तर आम्हाला आधीच कळायला पाहिजे होतं. २०१८ मध्ये पांढरकवड्याकडं टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या मागं थर्मल ड्रोन होता, हत्ती, कुत्रे, पॅराग्लायडर, काय काय होतं, तरी महिनोनमहिने ती हाती लागली नाही, २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली तोपर्यंत. झुडपी जंगलात वाघ किती गायब होतो हे यवतमाळनं सगळ्या राज्याला दाखवलं होतं.

काळा झेंडा

दोन दिवस ड्रोन बंद ठेवला. त्या दोन दिवसांत ताईनं आणि मी शार्कवाल्यांचंच परत वाचून काढलं, आणि या वेळी यश नाही, त्यांना दिसत नाही तेव्हा ते काय करतात ते शोधलं. पाणी गढूळ झालं, वारा सुटला, लाटांवर ऊन चमकलं की ड्रोनवाल्यालाही मासा दिसत नाही, हे त्यांचंही रडगाणं आहेच.

उत्तर मिळालं दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनचं. तिथं शार्क स्पॉटर्स म्हणून २००४ पासून काम चालते. ड्रोनच्या आधीपासूनचं, साधं, डोंगरावर माणूस बसवून दुर्बिणीनं समुद्र पाहायचा आणि खाली किनाऱ्यावर झेंडा लावायचा. झेंडे चार. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आणि मासा दिसला नाही. लाल म्हणजे नुकताच दिसला होता, जपून. पांढऱ्यावर काळा मासा काढलेला म्हणजे आत्ता आहे, बाहेर निघा, भोंगाही वाजतो. आणि चौथा काळा. काळा म्हणजे आज आम्हाला नीट दिसत नाही.

मी ते वाचून खरंच उठून बाहेर अंगणात गेलो. आमच्याकडं हाच झेंडा नव्हता. आमच्याकडं दोनच निरोप होते, वाघ आहे आणि वाघ नाही. ताईला तिसरा निरोप द्यायचा होता, तिनं दिलाही, पण तो ठेवायला गावात खुंटीच नव्हती, म्हणून तो जवळच्या खुंटीवर जाऊन लटकला, 'नाही'च्या.

झेंडे पाण्याच्या टाकीवर लावायचे ठरले, तिथून चौकही दिसतो आणि जंगलाकडची वाटही. हिरवा आणि लाल कापड दुकानातून आणलं, काळा जुन्या छत्रीचा शिवला. आत्ता वाघ आहे यासाठी झेंडा नाही, भोंगा आणि डफडं, कारण जंगलात असलेल्या माणसाला टाकी दिसत नाही, आवाज ऐकू येतो. व्हॉट्सअपवर कोणी काही टाईप करायचं नाही, फक्त ताईचा आवाज जसा आहे तसा पुढं जाईल. भोंग्यावरच्या पोराला तीन वाक्यं लिहून दिली, त्याच्या पलीकडं एक शब्द नाही. काळ्याचं वाक्य असं: "आज ड्रोनला नीट दिसत नाही, जंगलात वाघ असू शकतो, गेलात तर दहाच्या घोळक्यानं जा, नाल्यात उतरू नका, माकडं-चितळं ओरडली तर मागं फिरा."

शेवटचा तुकडा मोठमायच्या सांगण्यावरून आला. ताप उतरल्यावर ती बैठकीला आली आणि एवढंच बोलली की मशीन आंधळी असन तं आमच्या कानाचं ऐकायचं हे लिवा.

वाद झालाच. ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं की काळं कापड पाहून मजूर घाबरतील, फळी रिकामी जाईल. काही बाया उलट बाजूनं चिडल्या की काळा लागला तर त्या दिवसाची मजुरी कोण देते, दिसत नसन तं झेंडा कायले लावता. दोघांचंही म्हणणं मला समजते. पण काळा म्हणजे बंदी नाही हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. बंदी घातली असती तर झेंडा आठ दिवसांत खोटा पडला असता, कारण पोटासाठी लोक गेलेच असते आणि मग हिरवा-काळा कोणी पाहिलाच नसता. केप टाऊनलाही काळा झेंडा असताना लोक पोहतात, फक्त त्यांना माहीत असते की आज वरचा माणूस पाहू शकत नाही.

दोन गोष्टी आम्ही शार्कवाल्यांकडून घेतल्या नाहीत. तिकडं मासा कुठं दिसला ते ॲपवर सगळ्यांना कळवतात. इथं वाघाची जागा आणि व्हिडिओ बाहेर गेला की दुपारपर्यंत मोटारसायकली येतात पाहायला, गर्दीत अडकलेला वाघ जास्त धोक्याचा, आणि शिकारीवाल्यांच्या हाती काय जाईल ते वेगळंच. मोहाच्या वेळी बोडीवरच्या वाघाचा व्हिडिओ फिरला होता, तेव्हापासून रेकॉर्डिंग ताईच्या कार्डात आणि गार्डकडं, बास. दुसरं म्हणजे दिवसभर पहारा. आमचा ड्रोन ४० अंशांपर्यंतच चालवायचा असं त्याच्या कागदावर आहे, आणि मे महिन्यात दहा वाजताच तेवढं होते. नऊला उड्डाण बंद, आणि ते भोंग्यावर सांगायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या वाचनातून खूप कामी आली. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या विद्यापीठानं दोन वर्षं ड्रोन उडवून पाहिलं, २६ किनारे, दीड हजारांवर फेऱ्या. जिथं पांढऱ्या शार्कची पिल्लं जमतात अशा दोन ठिकाणी पाहणीच्या ९७ टक्के दिवशी मासे आणि पोहणारी माणसं एकाच पाण्यात अगदी जवळ होती, आणि माणसांना पत्ता नाही, माशांनी काही केलंही नाही. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, आपल्याकडंही तसंच आहे, वाघ रोजच आपल्याले पाहून रायला, आपन त्याले वर्षातून एकदा पाहतो. भीती याच्यानं कमी झाली की वाढली, सांगता येत नाही. पण लाल झेंडा लागला की आता कोणी वाघाला मारून टाका म्हणत नाही, त्याला जाऊ द्या म्हणतात, एवढं वहीत नोंदवलं आहे.

हंगामाचा शेवट

झेंडे लागल्यावर नऊ सकाळी उरल्या होत्या. सात वेळा काळा लागला, एकदा लाल, एकदाच हिरवा, आदल्या संध्याकाळी पाऊस पडून जमीन गार झाली होती म्हणून. संस्थेच्या माणसाला आकडे पाठवले तर त्याचा फोन आला की सात दिवस काळा म्हणजे ड्रोन निकामीच की. मी म्हटलं साहेब, मे महिन्यात जवळपास तसंच आहे, मार्चमध्ये नाही, आणि हे कळायला आम्हाला मोठमाय गमवावी लागली असती. पुढच्या वर्षी ड्रोन फक्त मोहाच्या महिन्यात द्या आणि तेंदूच्या महिन्याचे पैसे घोळक्यासोबत चालणाऱ्या चार राखणदारांच्या मजुरीला द्या, असं लेखी दिलं आहे. उत्तर अजून नाही.

आणि एक काम शेवटच्या दिवशी केलं, ते मला सगळ्यात गरजेचं वाटते. वाघानं माणूस मारला तर सरकारकडून २५ लाख मिळतात. पण माणूस गेला की पंचनाम्याच्या आधी गावातच आणि बाहेरही पहिला प्रश्न येतो, ती तिथं गेलीच कशाला होती. आता आमच्याकडं तारखेनिशी वही आहे, कोणत्या दिवशी काळा होता हे लिहिलेलं. उद्या काळ्या झेंड्याच्या दिवशी कोणी गेलं आणि कोणी ती वही पुढं करून म्हटलं की हिला तर सांगितलं होतं, तर ज्या बायकांसाठी झेंडा लावला त्यांच्याच विरुद्ध तो साक्ष देईल. म्हणून ग्रामसभेत ठराव घेतला: काळा झेंडा म्हणजे पाहणाऱ्याची असमर्थता, जाणाऱ्याचा गुन्हा नाही, आणि वहीतली नोंद कोणाच्याही भरपाईच्या विरोधात वापरायची नाही. मोठमायनं अंगठा लावला, तिच्या सोबतच्या पाच जणींनी सह्या केल्या. एक प्रत पंचायतीत, एक फॉरेस्टच्या ऑफिसात देऊन पोच घेतली, आणि एक मी त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे.